रोलर लाइनचा पट्टा एकाच बाजूला का पळतो, आणि त्यात हात कधी घालायचा?

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या संत्र्याच्या भागात आता शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या शेडमध्ये यंत्रं दिसू लागली आहेत. संत्रा धुवायचं, सुकवायचं, मेण चढवायचं, आकाराप्रमाणे वेगळं करायचं आणि शेवटी भरलेली कॅरेटं गाडीपर्यंत नेणारी रोलरची लाइन. यंत्र बसवणारा माणूस येतो, चालवून दाखवतो, चहा घेतो आणि जातो. मग आंबिया बहाराची गर्दी सुरू होते. पट्टा एका अंगाला घासायला लागतो, कॅरेट मध्येच अडतं, खालून करकर आवाज येतो. पुस्तिका इंग्रजीत असते आणि ती ऑफिसच्या कपाटात असते. शेवटी कोणीतरी म्हणतं, "थांब ना बापा, मी पाहतो," आणि चालू लाइनीत हात घालतं.

अपघाताची गोष्ट निघाली की लोक "लक्ष देऊन काम करा" असं सांगतात. तो सल्ला अर्धाच आहे. लाइनीत हात घालायची वेळ मुळात येते ती सेटिंग बिघडल्यामुळे. म्हणून सेटिंग आणि सुरक्षितता हे दोन वेगळे विषय न धरता एकत्रच समजून घ्यायला हवेत.

वरचे रोलर फिरतात कसे?

वरून पाहिलं तर नुसते लोखंडी रोलर दिसतात. मोटर त्यातल्या एकालाही थेट जोडलेली नसते. रोलरांच्या खालून एक अरुंद, सपाट पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो आणि रोलरांना घासून फिरवतो. पट्टा रोलरांना नीट टेकावा म्हणून त्याच्याही खाली, वरच्या रोलरांच्या मधल्या जागेत, छोटे रोलर असतात. ते पट्ट्याला वर दाबून धरतात, त्यांना आपण दाब-रोलर म्हणू. पट्टा टोकाला जाऊन खालून परत येतो तो परतीच्या रोलरांवरून. मोटर ज्या पुलीला फिरवते ती चालक पुली, दुसऱ्या टोकाची शेपटीची पुली, आणि पट्ट्याचा ताण कमी-जास्त करायचे बोल्ट असतात त्या जागेला टेक-अप म्हणतात. एवढे शब्द पुरे आहेत.

सायकलचा जुना डायनामो आठवा. टायरला हलका टेकला तर तो घसरतो आणि दिवा मिणमिणतो. जास्त दाबला तर दिव्याचा उजेड काही वाढत नाही, उलट सायकल जड चालते आणि टायर झिजतो. पट्टा आणि रोलर यांचं नातं तसंच आहे.

एक गोष्ट मात्र भल्याभल्यांना चकवते. पट्टा रोलरला खालून घासतो आणि कॅरेट रोलरच्या वर बसतं. त्यामुळे कॅरेट पुढे जात असतं तेव्हा त्याच्या लगेच खालचा पट्टा मागे जात असतो, आणि सगळ्यात खालचा, परतीचा पट्टा कॅरेटच्या दिशेने जातो. ही उलटसुलट ध्यानात नसली तर पट्टा पुलीत नेमका कुठे शिरतो याचा अंदाज हमखास चुकतो. आणि बोटं जातात ती तिथेच, जिथे पट्टा पुलीवर चढतो. जिथून तो सुटतो तिथे धोका कमी असतो. लाइन बंद असताना फ्रेमवर रंगाने दोन बाण काढून ठेवा, एक वरच्या पट्ट्याचा आणि एक खालच्याचा. रंगाचा डबा काही महाग नसतो.

एवढ्याशा मोटरने असं काय होणार?

लाइन हळू चालते म्हणून ती गरीब वाटते. हिशेब करून पाहू. मिनिटाला २० मीटर हा अशा लाइनीचा साधारण वेग. म्हणजे सेकंदाला ३३ सेंटीमीटर. काहीतरी ओढलं जातंय हे कळून हात मागे घ्यायला अर्धा सेकंद लागला, तर तेवढ्यात १६ सेंटीमीटर आत गेलं. बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत जवळपास तेवढंच अंतर असतं.

आता ताकद. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. या वेगाला, गिअरबॉक्समधला तोटा वजा करूनही, पट्टा पुलीवर घसरला नाही तर पावणेदोनशे किलोच्या आसपास ओढ बसते. गिअरबॉक्स वेग कमी करतो आणि त्याच्या बदल्यात ओढ वाढवतो, म्हणून हळू चालणारं यंत्र कमी धोक्याचं हा समज उलटा आहे.

ओढलं जातं ते बहुतेक वेळा बोट नसतंच, कापड असतं. आपल्याकडे उन्हाचा म्हणून डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा, बायांची ओढणी किंवा पदर, वरून घातलेला सैल शर्ट. हातमोजेसुद्धा. फिरत्या भागाजवळ सैल मोजा हाताचं रक्षण करत नाही, हातासकट आत जातो. प्रतवारीच्या टेबलावर मोजे ठीक आहेत, पुलीपाशी नकोत.

लाल बटण दाबलं म्हणजे बंद झालं का?

नाही. थांबलं, एवढंच. बटण हे स्टार्टरला दिलेला निरोप आहे, विजेची वाट तोडलेली नाही. दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाने हिरवं बटण दाबलं की लाइन सुरू.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे. शेतीची थ्री फेज लाइन अनेक ठिकाणी रात्री येते, म्हणून पंपाच्या पेटीत ऑटो बसवलेला असतो. वीज आली की पंप आपोआप सुरू, कोणाला झोपेतून उठायला नको. विहिरीवर ती सोयच आहे. पण गावात वायरमन एकच असतो, त्याचा हात पंपाच्या पेट्यांवर बसलेला असतो, आणि शेडमध्येही तो सवयीने तसाच ऑटो टाकून जातो. वीज गेली म्हणून कोणी अडकलेली संत्री काढायला वाकलं आणि तेवढ्यात वीज आली, तर पुढचं सांगायला नको.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. लाइन रिकामी चालू ठेवा, सगळ्यांना दूर करा, मेन स्विच पाडा आणि पुन्हा चढवा. लाइन आपणहून सुरू होता कामा नये. पुन्हा हिरवं बटण दाबल्यावरच चालली पाहिजे. आपोआप चालली तर वायरमनला बोलावून ते आधी बदलून घ्या, मग संत्रा आणा.

खरं बंद म्हणजे मेन स्विच पाडणं, त्याला कुलूप लावणं आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात असणं. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं, ज्याची त्याची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. मग हिरवं बटण दाबून पाहायचं. काहीच हललं नाही तरच पाना हातात घ्यायचा. वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह असेल तर त्याच्या पेटीवर लिहिलेली मिनिटं थांबायचं, कारण मेन पाडल्यावरही त्याच्या आत काही वेळ वीज साठून राहते. उताराच्या लाइनीवर भरलेली कॅरेटं असतील तर ती आधी उतरवा, त्यांच्या वजनाने रोलर वीज नसतानाही फिरतात.

डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) काम होऊन वीज आली असेल तर आणखी एक खबरदारी. फेज अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते, हे पंपवाल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लाइन उलटी फिरली की कॅरेटं मागे येतात हे तर दिसतंच, पण पट्टा पुलीत शिरायची जागाही बदलते. बोटं आत जाऊ नयेत म्हणून बसवलेली जाळी एका बाजूला आणि धोका दुसऱ्या बाजूला, असं होतं. म्हणून अशा वेळी पहिला फेरा रिकामाच चालवा.

पट्टा एका बाजूला का पळतो?

पट्टा रोलरच्या ज्या टोकाला आधी टेकतो, त्या टोकाकडे सरकतो. बाकी सगळं या एका नियमातून निघतं. रोलर पट्ट्याला काटकोनात असला तर दोन्ही टोकांना तो एकाच वेळी टेकतो आणि सरळ चालतो. रोलर किंचित तिरपा झाला की पट्टा निघाला एका अंगाला.

म्हणून पाना उचलण्याआधी टेप उचला. फ्रेमच्या एका भागाचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर फ्रेमच खेचली गेली आहे, आणि तिरप्या फ्रेमवर पट्टा सरळ करणं म्हणजे रोजचं दुखणं. हाताने ढकलायच्या ट्रॉलीची किंवा गाडीच्या फाळक्याची धडक बसली की फ्रेम अशी खेचली जाते. मग गवंड्याची पाण्याची नळी घेऊन दोन्ही बाजूंची उंची सारखी आहे का ते बघा. पट्टा मधोमध असून कॅरेटं मात्र एका कडेला जात असतील, तर दोष जवळजवळ नेहमी इथेच सापडतो. कॅरेट रोलरला काटकोनात चालतं, रोलर तिरपे तर कॅरेट तिरपं.

फ्रेम ठीक असेल तर दुसरी पायरी म्हणजे स्वच्छता. आमच्याकडच्या लाइनीत बहुतेक घोळ इथला असतो. एखादं संत्रं घरंगळून खाली पडतं, परतीच्या पट्ट्यावर चेंगरतं, रस रोलरला लागतो. त्यावर धूळ बसते, मेणाचे थेंब पडतात, आणि आठवडाभरात रोलरच्या एका भागावर काळा, चिवट थर तयार होतो. रोलर आता सगळीकडे सारख्या जाडीचा राहिलेला नाही, मग पट्टा सरळ कसा चालेल? लोक बोल्ट फिरवत बसतात आणि दोष त्या थरात असतो. थर खरवडायचा तो लाइन कुलपात असताना. चालू रोलरला फडकं लावून "तो आपोआप पुसला जातो" ही युक्ती मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही ऐकली आहे. फडकं रोलरभोवती गुंडाळलं गेलं की हाताला सुटायला वेळच मिळत नाही.

तिसरी पायरी, दोष पट्ट्यात आहे की रोलरात ते ओळखणं. लाइन बंद असताना पट्ट्याच्या कडेला खडूची खूण करा. मग रिकामी चालवून दुरून बघा. पट्ट्याचा तोच एक तुकडा जिथे जाईल तिथे बाहेर येत असेल, तर तो पट्टा किंवा त्याचा जोड वाकडा आहे. जोडाची टोकं गुण्या लावून काटकोनात कापली नसली की असं होतं. उलट, पट्ट्याचा कोणताही भाग एका ठरावीक जागी आला की सरकत असेल, तर दोषी तिथला किंवा त्याच्या जरा आधीचा रोलर. पट्टाच वाकडा असेल तर बोल्ट फिरवून काही हाती लागत नाही, जोड नवा करावा लागतो.

आता बोल्ट. परतीच्या रोलरांपासून सुरुवात करा, पुल्या शेवटी. पुल्या काटकोनातच राहू द्याव्यात. पट्टा डावीकडे जातो आहे असं धरा. परतीच्या रोलरचं डावं टोक पट्टा ज्या दिशेला चालतो त्या दिशेला थोडं सरकवा. आता पट्टा आधी उजव्या टोकाला टेकेल आणि उजवीकडे येईल. खालचा पट्टा कॅरेटच्या दिशेने जातो हे मघाशी पाहिलं, म्हणूनच फ्रेमवरचे ते बाण. डावं-उजवंही पट्टा चालतो त्या दिशेला तोंड करून ठरवा, नाहीतर दोन माणसं समोरासमोर उभी राहून एकमेकांचं काम उलटवत बसतात.

सरकवायचं किती? अगदी थोडं. मग लाइन चालवून पट्ट्याचे बरेच फेरे होऊ द्या. पट्टा लगेच ऐकत नाही, सावकाश येतो. न थांबता पुन्हा पाना फिरवणारा माणूस तासाभराने पाच रोलर तिरपे करून बसतो, आणि मग मूळ दोष कोणता होता हे कोणालाच आठवत नाही.

कॅरेट अडलं की दाब वाढवायचा का?

आधी अडलं का ते बघा. कॅरेटच्या खाली कुठल्याही क्षणी निदान तीन रोलर असायला हवेत. दीड-पावणेदोन फुटी कॅरेट असेल तर रोलरांमधलं अंतर सहा इंचांच्या वर असून चालत नाही. मधला एक रोलर काढून ठेवलेला असला की नेमकं तिथेच कॅरेट डुलतं आणि अडतं. एखाद्या रोलरचं बेअरिंग बसलेलं असेल तर तो फिरतच नाही. वीज कुलपात ठेवून एकेक रोलर हाताने फिरवून पाहिला की सापडतो. कॅरेटचा तुटलेला तळ हेही कारण असतं, आणि त्याला यंत्र काय करणार?

हे सगळं नीट असेल तरच दाब. सगळ्यात जड भरलेलं कॅरेट घ्या, दाब कमीत कमी ठेवा, आणि ते जेमतेम न अडता जाईल इतकाच वाढवा. हेही एकेका दाब-रोलरला थोडं थोडं करून आणि प्रत्येक वेळी लाइन बंद करून. जास्त दाबला की मोटर गरम होते, पट्टा झिजतो. शिवाय पुढे काही अडकलं तर मागची कॅरेटं थांबत नाहीत, एकमेकांना रेटतात. मग ती सोडवायला माणूस मध्ये शिरतो.

काही लाइनींना टोकाजवळचा एखादा रोलर मुद्दाम सैल ठेवलेला असतो. तो खाचेत नुसता टेकवलेला असतो, खटखट वाजतो. बोटं खाली गेली तर रोलर उसळून वर यावा म्हणून ती सोय आहे. आवाज येतो म्हणून तो तारेने बांधून ठेवलेला दिसला, तर तार आजच काढा.

ताणून टाकला तर?

पट्टा घसरतो म्हणून टेक-अप आवळत जाणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात महागडा उपाय आहे. भरलेली लाइन सुरू करताना चालक पुलीवर पट्टा घसरू नये इतपतच ताण हवा. दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे फिरवायचे, नाहीतर पुली तिरपी होऊन पट्टा पुन्हा पळतो. पुलीवर मेण किंवा पाणी असेल तर ताण वाढवून घसरणं थांबत नाही, पुसून थांबतं. जादा ताणाने बेअरिंग जातात, आणि पट्टा तुटला तर सपकन येतो. हंगाम संपल्यावर ताण थोडा उतरवून ठेवा आणि पट्ट्याखाली उंदरांचा बंदोबस्त करा.

पण चालू असल्याशिवाय दिसणार कसं?

हा आक्षेप खरा आहे. पट्टा सरळ चालतो की नाही हे चालल्यावरच कळतं. बनवणाऱ्यांच्या पुस्तिकाही हे काम चालू लाइनीवर, पण शिकलेल्या माणसाने करायला सांगतात. फरक असा की अशा यंत्रात तो बोल्ट फ्रेमच्या बाहेर, जाळ्यांपासून दूर असतो. हात आत न घालता पाना लागतो. तुमच्या लाइनीत तसं असेल, जाळ्या जागेवर असतील, आणि दुसरा माणूस नुसता बंद बटणापाशी उभा असेल, तर शिकलेल्या माणसाने ते करावं. बोल्टपर्यंत पोचायला जाळी काढावी लागत असेल तर मग बघायचं चालू असताना आणि फिरवायचं बंद असताना, दुसरी वाट नाही. वेळ जास्त जातो, जाऊ द्या.

माल पडून आहे, लाइन कशी बंद ठेवू?

गाडी दारात उभी आहे, व्यापारी फोनवर आहे, मजुरांचा रोज चालू आहे. "काहून बंद केली लाइन?" असा प्रश्न मालकाकडूनच येतो. कुलूप लावून रोलर पुसायला लागणारा वेळ आणि हात गेल्यावर लाइन बंद राहण्याचा वेळ यांची तुलना करायची गरज पडू नये. पण मालकाला हिशेबच हवा असेल तर तोही याच बाजूने लागतो.

कायद्याचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ मध्ये यंत्राचे धोक्याचे भाग झाकायला सांगितले होते. कलम २२ मध्ये चालू यंत्रावर काम करायचंच असेल तर खास शिकवलेला प्रौढ पुरुष कामगार, अंगासरशी कपडे आणि नोंदवहीत त्याचं नाव, अशा अटी होत्या. चालत्या पुलीपाशी पट्टा हाताळायचा तर तो १५ सेंटीमीटरपेक्षा रुंद नसावा, इतक्या बारकाईने ते लिहिलेलं होतं. स्त्रिया आणि अल्पवयीन मुलांना चालू यंत्र पुसायला किंवा त्यात तेल घालायला लावू नये असंही त्यात होतं. आपल्याकडे पुसापुशी बायांवर टाकायची पद्धत आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. माझ्या मते चालू यंत्र कोणालाच पुसायला लावू नये. लहान शेड कायद्याच्या कक्षेत येते की नाही यावर वाद घालता येईल. थ्रेशरमध्ये गेलेल्या हातांनी तो वाद घातला नव्हता. १९८३ चा धोकादायक यंत्रे कायदा त्या हातांनंतर आला.

हात अडकलाच तर

मेन स्विच पाडा. लाइन उलटी फिरवून हात काढायला जाऊ नका, जखम वाढते. टेक-अप ढिला करून पट्टा सैल करा आणि मग सोडवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, १०८ ला फोन करा. बोट तुटलं असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आणि ती पिशवी बर्फ टाकलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका.

कंपनीच्या माणसाला काय सांगायचं?

गिअरबॉक्स, ड्राइव्हमधली सेटिंग आणि कारखान्यात चिकटवलेला जोड ही कामं गावात करू नयेत. पण फोनवर "पट्टा सरकतो" एवढंच सांगितलं तर तो माणूस दोनशे किलोमीटर येऊन आधी रोलरच पुसेल, आणि त्याचं बिल तुम्हाला येईल. त्याला सांगा की पट्टा चालतो त्या दिशेने पाहिलं तर डावीकडे जातो की उजवीकडे, ठरावीक जागी की ठरावीक तुकडा, लाइन रिकामी असताना की भरलेली, आणि शेवटचा कोणता बोल्ट कोणी, किती फिरवला. जाळीच्या बाहेरून घेतलेला मिनिटभराचा व्हिडिओ पाठवा. बरेचदा तो फोनवरच म्हणेल, "दादा, मेन पाडा, आणि चौथ्या परतीच्या रोलरवर काय साचलंय ते आधी बघा."